पीएचडीवाल्यांना कृषी केंद्राच्या बाकावर बसवा

स्लाईड नंबर चारवर नेहमी तीन गोल असतात. मोठ्या गोलात मधला, मधल्यात छोटा, म्हणजे अख्खा बाजार केवढा आणि त्यातला आपल्या वाट्याला किती, आणि मोठ्यात लिहिलेलं असतं इतके इतके बिलियन डॉलर. मागची सहा वर्षं कंपनी काढायला निघालेल्या नागपुरातल्या संशोधक पोरापोरींच्या अशा स्लाईड मी बघतेय, आणि खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं त्या बनवायला मीच शिकवत होते. रात्री अकरा वाजता फोन करून सांगायचे की गोलाचा रंग बदल, फॉन्ट मोठा कर, "आमचं व्हिजन" वर टाक. त्यातली एकही कंपनी आज चालू नाही. म्हणजे त्या काही फॉन्टमुळे बंद पडल्या नाहीत, पण मी कशावर वेळ घालवत होते ते आठवलं की आता हसू येतं आणि थोडी लाजही वाटते.

माझं थोडक्यात सांगते. काटोलला बाबांचं कृषी केंद्र आहे, माझं सगळं लहानपण कीटकनाशकांच्या वासात गेलं. मग नागपूरला मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी, मग नऊ वर्षं एका औषधं-खतांच्या कंपनीत विक्रीच्या बाजूला, अख्खा विदर्भ एसटीनं आणि नंतर कंपनीच्या गाडीनं पालथा घातला. आता धरमपेठेत एका खोलीत बसून संशोधकांना कंपनी काढायला मदत करते. ग्रांटचे फॉर्म, पेटंटवाल्याशी बोलणी, लायसनचे कागद, आणि बराचसा वेळ नुसतं ऐकून घेणं. आई लोकांना सांगते की पोरगी "काहीतरी सल्ल्याचं" करते.

या शहरात शास्त्रज्ञ कमी आहेत असं कोणी म्हणू नये हां. १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधनाची संस्था आहे, १९७६ पासून कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे, पशुवैद्यकाचं स्वतंत्र विद्यापीठ आहे, मेडिकल आहे, एम्स आलं, शंभरी पार केलेलं विद्यापीठ आहे. इतक्या लॅब आणि त्यातून दरवर्षी बाहेर पडणारी इतकी पोरं, आणि पीएचडी संपली की त्यातली निम्मी पुण्या-हैदराबादच्या गाडीत बसतात, उरलेली नेट-सेटच्या जागा निघायची वाट बघतात किंवा ट्यूशन घेतात. कंपनी काढणारा शंभरात एक. तोही घरी न सांगता.

आता ट्रायकोवालीची गोष्ट सांगते, कारण माझी जी काही अक्कल आहे ती तिच्यामुळे आली. नाव नाही सांगत, तिला आवडणार नाही. पीएचडीचं शेवटचं वर्ष, विषय ट्रायकोडर्मा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही मातीतली हिरवी बुरशी, दुसऱ्या बुरशांना खाते म्हणून शेतकऱ्याच्या कामाची. आणि हिचं भांडण कोणाशी, तर फायटोप्थोराशी. संत्र्याच्या झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लागतो ना, ज्याला आपल्याकडे डिंक्या म्हणतात, मुळं सडतात, झाड वरून वाळत येतं, तो याच बाईचा प्रताप. गंमत म्हणजे फायटोप्थोरा दिसते बुरशीसारखी पण खरी बुरशी नाही, तिचं नातं समुद्रातल्या शेवाळांशी जवळचं, आणि तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. आपली काळी भारी जमीन, पाऊस पडला की आठ दिवस पाणी धरून बसते, म्हणजे हिला तलावच झाला.

तर ही पोरगी माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली आणि पेट्री प्लेटचा, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवायच्या बशीचा, फोटो दाखवला. डावीकडे तिचा ट्रायको, उजवीकडे फायटोप्थोरा, पाचव्या दिवशी उजवी बाजू जवळजवळ गिळलेली. "मॅडम, बाजारातल्या तिन्ही स्ट्रेनपेक्षा माझा फास्ट आहे." (स्ट्रेन म्हणजे त्याच बुरशीचा एक वाण.) फोटो खरंच सुंदर होता. मी सवयीनं विचारलं, स्लाईड चार कुठंय. तिनं दाखवली. तीन गोल. आणि का कोण जाणे, त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं म्हणा किंवा काय, मी म्हटलं लॅपटॉप बंद कर, रविवारी काटोलला चल माझ्यासोबत.

जुलैचा पहिला आठवडा, नुकता पाऊस पडून गेलेला, म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तिला बाबांच्या काउंटरच्या बाजूच्या बाकड्यावर बसवलं आणि सांगितलं की तीन तास काही बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. बाबांनी चहा दिला. पहिल्या तासात चार जण डिंक्याचं सांगत आले. त्यातल्या एकानंही ट्रायकोडर्मा हा शब्द काढला नाही, सगळ्यांचं एकच, "काका, झाड वाळून राह्यलं, काही तरी द्या." काय द्यायचं ते बाबा ठरवत होते. तिनं वहीत लिहिलं, निर्णय दुकानदार घेतो. ही एक ओळ तिच्या तीन गोलांपेक्षा जास्त कामाची होती, पण खरी मजा पुढे आली.

एक जण आला, नरखेडकडचा, तीनशे झाडं. बाबांनी त्याला ट्रायकोची पाकिटं दिली. तो म्हणाला, हे द्या आणि ते बुरशीनाशक पण द्या, कार्बेन्डाझिम. बाबांनी दोन्ही ठेवलं. आणि तो जाता जाता म्हणतो, "दोन्ही एकाच ड्रममधी कालवतो, डबल मजुरी काऊन देऊ?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती बाकावरून अर्धी उठलेली. कारण कार्बेन्डाझिम बुरशी मारतं आणि ट्रायको ही बुरशी आहे, म्हणजे हा माणूस स्वतःच्या पैशानं औषध विकत घेऊन त्याच ड्रममध्ये त्याला मारणार होता, वर मजुरी वाचवल्याचा आनंद. तिला गप्प बसायचं होतं पण नाही राहवलं, म्हणाली, काका, पंधरा दिवसांचं अंतर ठेवा ना. तो हसला. "पोरी, पंधरा दिवसांनी मजूर तू आणून देशील काय?"

परतीच्या बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही. कळमेश्वर गेल्यावर एकदम म्हणाली, "मॅडम, तो माल तुमच्याकडे कधी येतो?" मी म्हटलं एप्रिलात, कंपनी सीझनच्या आधीच गाडी भरून पाठवते. "मग मे महिन्यात तो कुठे असतो?" गोडाऊनमध्ये. टिनाच्या.

तिच्या लॅबचा इनक्युबेटर, म्हणजे बुरशी वाढवायची पेटी, २८ डिग्रीवर असतो. आपल्याकडचा मे कसा असतो ते नागपूरकराला मी काय सांगू.

पुढच्या आठवड्यात तिनं काटोलच्या आणि इतर दुकानांतून सात-आठ पाकिटं विकत घेतली, वेगवेगळ्या कंपन्यांची, पावतीसकट, आणि लॅबमध्ये पाण्यात कालवून, पातळ करत करत प्लेटवर टाकून मोजलं. नियमानं ट्रायकोच्या पावडरमध्ये ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत असायला हवेत. दोन पाकिटं पास. बाकीच्यांत कुठे थोडे, आणि एका पाकिटाच्या प्लेटवर तर ट्रायको सोडून बाकी सगळं उगवलं होतं. कंपनीतून निघताना तो माल बरोबरच असेल, मी कोणावर आरोप नाही करत, टिनाखाली दोन महिने काढून कोण जिवंत राहील.

आता बघा काय झालं. तिच्याकडे आधी उत्तर होतं, माझा स्ट्रेन फास्ट आहे, आणि त्याला प्रश्न शोधणं चालू होतं. आता तिच्याकडे प्रश्न आला, दुकानातल्या उन्हात आणि शेतकऱ्याच्या ड्रममध्ये जिवंत कोण राहतं. आणि हा प्रश्न सोडवायला तिला एमबीए लागत नाही, तिला जे येतं तेच लागतं. ट्रायको साधे बीजाणू बनवतो तसे जाड भिंतीचेही बनवतो, क्लॅमायडोस्पोअर म्हणतात त्यांना, ते जास्त चिवट. ते भरपूर कसे बनवायचे यावर ती आता बसलीय. तिचा जुना फास्ट स्ट्रेन या शर्यतीत तिसरा आला. थिसिसमधला हिरो तिनं स्वतः बाजूला ठेवला, आणि त्या दिवशी मला वाटलं हो, ही फाउंडर झाली. कंपनी तर त्याच्या आठ महिन्यांनी रजिस्टर झाली.

म्हणून मला तो सल्ला पटत नाही जो आपल्याकडे सगळे कार्यक्रमात माईक हातात आला की देतात, शास्त्रज्ञानं शास्त्र करावं, धंदेवाला पार्टनर शोधावा. जेनेन्टेक या अमेरिकेतल्या बायोटेक कंपनीचं उदाहरण देतात. १९७६, तिशीही न गाठलेला गुंतवणुकीतला पोरगा बॉब स्वान्सन, त्यानं हर्बर्ट बोयर नावाच्या प्रोफेसरकडे दहा मिनिटं मागितली, बोलणं तीन तास चाललं, दोघांनी पाचशे-पाचशे डॉलर टाकले आणि कंपनी झाली, १९८२ मध्ये त्यांच्या तंत्रानं बनलेलं माणसाचं इन्सुलिन बाजारात. गोष्ट खरीच आहे. पण नागपुरात तो स्वान्सन आणायचा कुठून? इथं पैसेवाला माणूस प्लॉटमध्ये टाकतो, त्याला तुम्ही क्लॅमायडोस्पोअर सांगा, तो विचारेल रेडी रेकनर किती. आणि आपल्याकडची उदाहरणं बघितली तर वेगळंच दिसतं. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बंगळुरात गॅरेजमधून दहा हजार रुपयांत बायोकॉन काढली, त्या शिकल्या होत्या बिअर बनवण्याचं शास्त्र, म्हणजे किण्वन, आणि पहिला माल एन्झाइमचा, पपईपासूनचं पपेन वगैरे. इम्युनोॲक्ट तर आयआयटी मुंबईच्या प्रोफेसरच्या लॅबमधून निघाली, २०१८ मध्ये कंपनी आणि २०२३ च्या ऑक्टोबरात कॅन्सरवरच्या कार-टी नावाच्या पेशींच्या उपचाराला मंजुरी. धंद्याचं ज्ञान नंतर भाड्यानं मिळतं, सीए मिळतो, सेल्सवाले मिळतात (मीच होते ना). पण प्लेटवर काय उगवलं ते बघून आपलीच लाडकी कल्पना फेकून द्यायची सवय भाड्यानं मिळत नाही, ती शास्त्रज्ञाकडे आधीपासून असते. फक्त तो ती लॅबच्या दाराशी चपलेसारखी काढून ठेवतो आणि बाहेर येऊन तीन गोल काढतो.

बरं, हे सगळं गोड गोड झालं, आता जिथं गाडी अडते ते.

पहिलं म्हणजे पेटंट, आणि इथं माझी चूक आहे ती सांगून टाकते. एका पोरानं एन्झाइमवर चांगलं काम केलं होतं, मी त्याला म्हटलं आधी पोस्टर लाव कॉन्फरन्समध्ये, लोकांना कळू दे, नाव होईल. नाव झालं. बक्षीसही मिळालं. नंतर पेटंटच्या वकिलानं विचारलं की हे आधी कुठं जाहीर केलंय का, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. पेटंटला गोष्ट नवीन लागते आणि तुम्हीच ती भिंतीवर लावलेली असेल तर ती तुमच्यासाठीही जुनी होते. कायद्यात थोडी सवलत आहे १२ महिन्यांची, पण ती मोजक्या परिस्थितींपुरती, आमचं त्यात बसलं नाही. आणि पोस्टरचं सोडा, थिसिस शोधगंगा नावाच्या सार्वजनिक वेबसाइटवर चढली की तीही जगासाठी उघडी. तेव्हा आता मी भेटल्या भेटल्या पहिला प्रश्न हाच विचारते, थिसिस जमा केली का? नसेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे पेटंटचा प्राथमिक अर्ज, फाईल करा, पूर्ण मसुद्याला १२ महिने मिळतात. आणि आपल्या मातीतला जीव वापरत असाल तर जैवविविधता प्राधिकरणाचं प्रकरणही बघावं लागतं, ते शेवटच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

दुसरं, पाकिटावर काय लिहिणार. हे कोणाला खरं वाटत नाही पण एका वाक्यानं कायदा बदलतो. एखाद्या जीवाणूबद्दल तुम्ही म्हणालात की पिकाची वाढ चांगली होते, तर तुम्ही खत नियंत्रण आदेश १९८५ च्या दारात. तोच जीवाणू रोग आवरतो म्हणालात की कीटकनाशक कायदा १९६८, फरीदाबादचं केंद्रीय नोंदणीचं ऑफिस, विषारीपणाच्या चाचण्या, शेतावरच्या चाचण्या, साठवणुकीचा डेटा. वेळ आणि खर्च यात जमीन-अस्मानाचा फरक. संशोधक मात्र एकाच स्लाईडवर दोन्ही लिहून मोकळा होतो, वर "सेंद्रिय" पण टाकतो.

तिसरं सगळ्यात अवघड. सर.

म्हणजे गाईड. आपल्याकडे गाईड आणि विद्यार्थी हे नातं काय असतं ते सांगायला नको, पाच वर्षं त्यांच्या घरच्या सत्यनारायणालाही जायचं असतं. आणि मग एक दिवस पोरीला विचारायचं असतं की सर, कंपनीत तुमचे टक्के किती? कोणाची हिंमत होते? ट्रायकोवालीची होत नव्हती, तीन महिने टाळत होती, शेवटी मी लॉ कॉलेज चौकातल्या टपरीवर दोघांना बोलावलं, लॅबमध्ये ही बोलणी कधीच नीट होत नाहीत, तिथं खुर्ची कोणाची ते ठरलेलं असतं. टपरीवर सगळे उभे.

सर भला माणूस. म्हणाले, "मला काही नको बेटा, तू पुढं जा, माझा आशीर्वाद आहे." तिच्या डोळ्यांत पाणी. आणि मला त्या भावुक सीनमध्ये व्हिलन व्हावं लागलं. मी म्हटलं, सर, असं नका म्हणू, काय हवं ते सांगा आणि लिहून ठेवू. कारण हा "काही नको" मी आधीही ऐकलाय. कंपनीला पैसे मिळेपर्यंत तो टिकतो. पैसे आले की कोणीतरी घरी विचारतं की तुमची आयडिया होती ना, मग तुम्हाला काय मिळालं, आणि मग लॅबची चावी मिळेनाशी होते. सर दोन मिनिटं गप्प बसले, चहाचा ग्लास फिरवत राहिले, मग हळूच म्हणाले की खरं तर नाव असावं वाटतं कुठंतरी, आणि थोडा हिस्साही. मला इतकं बरं वाटलं! केंद्र सरकारनं २००९ मध्येच संशोधकांना नोकरीत राहून अशा कंपनीत हिस्सा घ्यायची मुभा दिली, पण प्रत्येक संस्थेचे आपले नियम आणि परवानग्या असतात, त्यामुळे कागद आधी संस्थेकडे गेला. तो तिथं किती दिवस पडून होता ते नको विचारू. ठरलं असं की सरांचा हिस्सा छोटा आणि सल्लागार म्हणून, तिचा मोठा पण तोही चार वर्षांत हळूहळू हातात येणारा, म्हणजे ती दोन वर्षांत लग्न करून अमेरिकेला गेली तर सगळे शेअर घेऊन जाऊ शकत नाही. या वाक्यावर ती चिडली. "माझ्याच लग्नाचं काऊन, सरांचं ट्रान्सफर झालं तर?" बरोबर होतं तिचं. तेही लिहिलं.

आणि मग घर. सीनियर फेलोशिप महिन्याला ४२ हजार, ती संपली की शून्य. बायरॅक या केंद्र सरकारच्या बायोटेक संस्थेची बिग नावाची ग्रांट आहे, ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी, कंपनीत हिस्सा मागत नाहीत, कल्पना खरी उतरते का ते करून बघायला यापेक्षा चांगला सरकारी पैसा मला माहीत नाही. पण फॉर्म भरणं, मुलाखती, निकाल, करार, मग टप्प्याटप्प्यानं पैसे, या सगळ्यात मधले महिने असतात आणि त्या महिन्यांबद्दल कोणी बोलत नाही. तिचे बाबा मला फोनवर म्हणाले, "मॅडम, डॉक्टरेट करून पावडरच विकायची होती तर बारावीनंतरच दुकान टाकून दिलं असतं." मी काय बोलणार, माझ्या बाबांचं दुकानच आहे. मी त्यांना म्हटलं, या एकदा काटोलला. ते अजून आलेले नाहीत. त्या मधल्या सात महिन्यांत तिनं दोन कॉलेजांत तासावर शिकवलं आणि एका पाणी तपासणीच्या लॅबमध्ये अर्धवेळ काम केलं, मी आता सगळ्यांना आधीच सांगते की ग्रांटचा फॉर्म भरायच्या आधी हे सात महिने कसे काढणार ते कागदावर लिहून आण. बरेच जण तो कागद घेऊन परत येत नाहीत. ठीक आहे, तेही उत्तरच आहे, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या इनक्युबेटरचं, म्हणजे नव्या कंपन्यांना लॅब आणि जागा देणाऱ्या केंद्रांचं पण आहेच. चांगल्या सोयी पुण्याला, एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर, बंगळुरचं सी-कॅम्प, हैदराबादचं आयकेपी. पुणं इथून रात्रभराची ट्रॅव्हल्स. काही चाचण्या तिथंच कराव्या लागतात, करू. पण संत्र्याची बाग, काळी माती आणि टिनाचं गोडाऊन पुण्याला कुठून आणणार, ती मशीन फक्त आपल्याकडे आहे आणि भाडं लागत नाही.

यंदाच्या मे महिन्यात ती साठ पाकिटं घेऊन काटोलला आली. विकायला नाही, अजून नोंदणी झालेली नाही, प्रत्येकावर मार्करनं नंबर आणि "विक्रीसाठी नाही". वेगवेगळे फॉर्म्युलेशन, म्हणजे पावडरची वेगवेगळी मिश्रणं, सोबत एक छोटा तापमान नोंदवणारा डबा. दर पंधरा दिवसांनी येऊन थोडी पाकिटं न्यायची आणि मोजायची. बाबांनी मोठ्या उत्साहानं गोडाऊनमध्ये जागा करून दिली. दुसऱ्या फेरीला ती आली तर फळी रिकामी. शोधलं तर सगळी पाकिटं पुढं दुकानात, बाबांच्या खुर्चीमागे, कूलरच्या तोंडाशी, वरून ओलं गोणपाट. बाबा म्हणाले, "इतकी मेहनत केली पोरीनं, उन्हात कशी मरू देऊ?"

तिनं गोणपाट काढून घडी करून ठेवलं. त्या पाकिटांवर लाल मार्करनं फुली मारली, म्हणाली ही आता हिशोबातून गेली काका, पुढच्या सोमवारी नवीन साठ आणते. मग स्टूल घेतलं, गोडाऊनची सगळ्यात वरची फळी, टिनाला हात लागेल इतकी वरची, फडक्यानं पुसून घेतली.